हायवेला गार, ट्रॅफिकमध्ये काटा वर: रेडिएटर बदलायच्या आधी एवढं बघा

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून सीएनजी किट बसवलेलं, वाघोली ते येरवडा रोजचं जाणंयेणं. एसी लावून ट्रॅफिकमध्ये दहा-पंधरा मिनिटं अडकलात की तापमानाचा काटा पाऊणच्या वर जातो, एकदा लाल दिवाही लागला, तेव्हा तुम्ही लगेच गाडी बंद केली. पण हीच गाडी चार माणसं आणि सामान घेऊन साताऱ्याला गेली, खंबाटकी चढली, काटा हललासुद्धा नाही. गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकला, मग कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बदललं, आता म्हणतोय नवीन रेडिएटर टाका आणि त्यानेही नाही झालं तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलावं लागेल. कुलंटची बाटली कायम भरलेली दिसते. तुमचं विचारणं एवढंच की नवीन रेडिएटर टाकू का.

नका टाकू. निदान आत्ता लगेच तरी नाही.

गाडी गरम होते म्हणून कोणी आलं की मी बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, कधी होते? उभी असताना, पळताना, घाट चढताना, का सकाळी चालू केल्यावर पाच मिनिटात? निम्मं निदान तिथेच होतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. तुमचं उत्तर तर एकदम स्वच्छ आहे, उभी असताना तापते आणि पळताना तापत नाही. आता जरा विचार करा, खंबाटकी चढताना इंजिन जेवढी उष्णता बाहेर टाकतं त्याच्या मानाने सिग्नलला आयडलवर उभी असलेली गाडी काहीच टाकत नाही. रेडिएटर आतून चोकअप असता, पाण्याचा पंप गेलेला असता किंवा वॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असता तर गाडीने आधी घाटात हात टेकले असते. तिथे पास झाली म्हणजे आतलं पाणी बऱ्यापैकी फिरतंय आणि उष्णता रेडिएटरपर्यंत येतीये. ती रेडिएटरमधून बाहेर कोण नेतं? हवा. ऐंशीच्या स्पीडला हवा समोरून आपोआप घुसते, पंखा नसला तरी भागतं. उभ्या गाडीला फक्त पंखा असतो, त्यात आयडलला पंपही हळू फिरतो म्हणजे पाणीही कमी, वर एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसलेला, तो स्वतःची उष्णता त्याच हवेत सोडतो. म्हणजे रेडिएटरला मिळते ती आधीच गरम झालेली हवा. एसी लावल्यावरच जास्त त्रास होतो त्याचं कारण हे.

तेव्हा तुमच्या गाडीत संशयित दोन. एक पंखा आणि त्याची वायरिंग, दुसरा म्हणजे हवेच्या वाटेत अडकलेली घाण. तिसरा एक आहे, रेडिएटरची कॅप आणि बाटली, त्याच्याकडे नंतर येतो कारण "बाटली भरलेलीच असते" हे तुमचं वाक्य मला खटकलंय.

वॉल्व्ह काढल्यावरही ट्रॅफिकमध्ये तापतेच आहे ना? मग मूळ दोष वॉल्व्हचा नसावा, तो परत बसवायला हवा होता. त्यावर खाली लिहितो.

आधी पंखा. बहुतेक लोक, आणि खरं सांगायचं तर बरेच मेकॅनिकही, पंखा फिरतोय एवढं बघतात आणि पुढे जातात. पंखा फिरणं वेगळं आणि पंख्याने हवा ओढणं वेगळं. असं करा, थंड गाडी चालू करा, एसी लावा. बहुतेक छोट्या गाड्यांत एसी लावला की काही सेकंदात पंखा चालू झाला पाहिजे. आता वर्तमानपत्राचं एक अख्खं पान घ्या आणि समोरून जाळीवर, कंडेन्सरसमोर धरून सोडा. पंखा नीट ओढत असेल तर कागद चिकटून बसतो, हात काढला तरी पडत नाही. कागद लोंबकळतोय, एका कोपऱ्यातच चिकटतोय किंवा चक्क तुमच्याकडे उडून येतोय तर तिथेच थांबा. उडून येणं ही चेष्टा नाही, मोटर बदलताना दोन वायरी उलटसुलट जोडल्या की पंखा उलटा फिरतो आणि हवा पुढे ढकलतो. वरून बघणाऱ्याला पंखा मस्त फिरताना दिसतो, आणि हायवेला तर समोरून येणाऱ्या हवेशी तोच पंखा कुस्ती खेळत असतो. असल्या गाड्या येतात, दोन-दोन गॅरेज फिरून येतात. लोकल पंखा बसवला असेल तरी हाच घोळ, पाती कमी किंवा पात्यांचा पीळ वेगळा, आवाज भरपूर आणि हवा नावाला.

कागद अर्धवट चिकटत असेल तर मोटर थकलेली असू शकते. आतले कार्बन ब्रश झिजले की मोटर बंद पडत नाही, हळू होते, आणि गरम झाल्यावर आणखी हळू. सकाळी गॅरेजमध्ये दहा मिनिटं चेक केली तर ओके, संध्याकाळी साडेसातला खराडी बायपासला फेल. म्हणून चेकिंग गाडी चांगली वीस मिनिटं तापल्यावर करायचं. मल्टीमीटर असेल तर पंखा फिरत असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवर मोजा, फुल स्पीडला दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा फार फरक नको. बॅटरीवर साडेतेरा आणि पंख्यावर अकरा दिसले तर मोटर बिचारी उपाशी आहे, वाटेत कुठेतरी कनेक्टर जळालाय, अर्थची वायर गंजलीये किंवा रिलेचे, म्हणजे पंख्याला करंट देणाऱ्या स्विचचे, पॉइंट गेलेत. कनेक्टर हातात घेऊन नीट बघा, प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा एका पिनपाशी वितळलेलं दिसलं की चोर सापडला. मोटरला थेट बॅटरीवरून दोन वायरी देऊन चालवली आणि ती जोरात पळाली तर मोटर चांगली, दोष वायरिंगमध्ये. तशीही मरगळलेली चालली तर मोटर बदला. अख्ख्या रेडिएटरपेक्षा बऱ्याच गाड्यांत स्वस्त पडते.

एक गोष्ट विसरू नका, इलेक्ट्रिक पंखा सांगून चालू होत नाही. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक फिरायला लागतो. मफलर, ओढणी, मनगटावरचं कडं, लोंबणारं आयडी कार्ड आधी बाजूला ठेवा, आणि पंख्याला हात लावायचा असेल तर कनेक्टर काढूनच.

पंखा एसीवर फिरतो पण एसी बंद असताना गाडी कितीही तापली तरी फिरत नाही, हा वेगळा प्रकार. याचा अर्थ मोटर आणि तिची मुख्य वायरिंग ठीक, आणि तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलतोय किंवा त्या लाइनचा रिले गेलाय. बऱ्याच गाड्यांत एक सोपी टेस्ट चालते, इंजिन चालू ठेवून कुलंट टेंपरेचर सेन्सरचा कनेक्टर काढायचा, ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, सेन्सर दिसेनासा झाला की तो काळजीपोटी पंखा चालू करतो. तसा झाला तर रिले, फ्यूज, मोटर सगळं पास आणि सेन्सरवर बोट. चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका, नंतर कोड काढून टाकता येतो. फक्त सगळ्या गाड्या असं करत नाहीत, त्यामुळे पंखा नाही फिरला तर लगेच निष्कर्ष काढू नका. रिलेचा संशय असेल तर बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुतेक वेळा हॉर्नचा, तिथे लावून बघा. फुकटातली टेस्ट आहे.

आणि दोन स्पीडचा पंखा असेल तर दोन्ही स्पीड तपासा. स्लो स्पीडसाठी बऱ्याच गाड्यांत एक रेझिस्टर असतो, तो जळाला की स्लो बंद होतो आणि पंखा थेट फास्टवरच, तेही उशिरा लागतो. त्यात काटा आधी वर जातो मग एकदम खाली येतो. असा झोका दिसला तर तिकडे बघा.

काट्यावर मात्र फार विश्वास ठेवू नका. आजकालच्या कितीतरी गाड्यांत काटा मुद्दाम झोपवलेला असतो, ऐंशी काय आणि शंभर काय, तो मध्येच उभा. तो हलला म्हणजे पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. काही गाड्यांत तर काटाच नाही, थंड असताना निळा दिवा आणि उकळायला लागल्यावर लाल. त्यामुळे एक ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घ्या, मोबाईलवर ॲप टाका आणि कुलंटचं तापमान थेट आकड्यात बघा. तुमच्या गाडीच्या वर्षाला ते पोर्ट असतं, स्टेअरिंगच्या खाली. साधारण ९० ते १०० मध्ये खेळत असेल तर निवांत राहा. पंखा साधारण ९५ ते १०० च्या दरम्यान लागतो, गाडीप्रमाणे दोनचार अंश इकडेतिकडे. १०५ च्या वर जायला लागलं की एसी बंद करा, ११० च्या वर गेलं की बाजूला घ्या. आणि काटा वर होता तो अचानक धाडकन खाली आला तर खूश होऊ नका, अनेकदा त्याचा अर्थ पाणी इतकं संपलंय की सेन्सर पाण्यात नाही, वाफेत किंवा हवेत लटकतोय.

पंखा पास झाला असं धरून पुढे जातो. समोरून जाळीतून बघितलं तर जो दिसतो तो कंडेन्सर, रेडिएटर त्याच्या मागे. या दोघांच्या मधे बोटभर फट असते आणि सगळी घाण तिथे जाऊन बसते. समोरून बघणारा म्हणतो स्वच्छ आहे, कारण त्याला कंडेन्सर दिसतो. वरचा पत्रा काढून टॉर्च मारा आणि त्या फटीत बघा. मार्च-एप्रिलमध्ये सावरीचा कापूस, ऊस वाहतुकीच्या दिवसात पाचटाचा भुसा, वर्षभराचे किडे आणि या सगळ्यावर बांधकामाच्या धुळीचा चिखल वाळून नमद्यासारखा थर झालेला असतो. हायवेला हवा जोराने येते, त्यातूनही घुसते. पंख्याच्या ताकदीने ती ओढली जात नाही. म्हणजे लक्षणं हुबेहूब तुमचीच. त्यातून तुमचा रोजचा रस्ता नगर रोडचा, तिथली धूळ काय सांगायची.

धुवायचं कसं, तर घरच्या नळीने, साध्या प्रेशरने, इंजिनच्या बाजूकडून पुढे, म्हणजे घाण जशी आली तशी बाहेर जाते. पुढून मारलं तर ती आणखी आत ठासली जाते. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन तिथे धरू देऊ नका, फिन्स म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या मऊ ॲल्युमिनियमच्या, एका फटक्यात आडव्या झोपतात आणि मग हवा कायमची बंद. जमत असेल तर पंखा काढून, कंडेन्सरचे बोल्ट ढिले करून दोघांना थोडं वेगळं करून धुतलं तर काम एक नंबर, एसीचा गॅस काढायची गरज नसते, फक्त पाइप वाकणार नाहीत एवढं बघायचं. इंजिन थंड पाहिजे हे वेगळं सांगायला नको.

गाडी कधी पुढून ठोकलीये का? हे विचारायचं राहून गेलं. पुढून काम झालेल्या गाड्यांत रेडिएटरच्या कडेने असणाऱ्या रबराच्या आणि फोमच्या पट्ट्या, खालचं प्लास्टिकचं कव्हर, पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं (श्राउड), यातलं काही ना काही परत बसवलेलंच नसतं. "ते प्लास्टिक काय, शोला असतं" म्हणून भंगारात जातं. उभ्या गाडीत पंख्याने मागे टाकलेली गरम हवा त्याच फटींतून वळसा घालून परत पुढे येते आणि रेडिएटर तीच गरम हवा पुन्हापुन्हा पितो. पळताना हे होत नाही. तसंच उंदीर येऊ नयेत म्हणून जाळीच्या आत मच्छरदाणीची जाळी लावणारे लोक आहेत, त्यांनी ती काढावी.

आता बाटली. तुम्ही म्हणता बाटली कायम भरलेली असते. दादा, बाटली भरलेली म्हणजे रेडिएटर भरलेला असं नाही! तुमच्या गाडीत रेडिएटरवर वेगळी कॅप असेल आणि बाटली बाजूला बारीक नळीने जोडलेली असेल तर हे नीट वाचा. गाडी तापली की कुलंट फुगतं, प्रेशर वाढतं, कॅपची स्प्रिंग दबते आणि जास्तीचं कुलंट नळीतून बाटलीत जातं. गाडी थंड झाली की आत ओढ तयार होते, कॅपच्या मधला छोटा वॉल्व्ह उघडतो आणि तेच कुलंट बाटलीतून परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. आता कॅपचं रबर कडक झालं, किंवा ती बारीक नळी तोंडाशी चिरली, तर कुलंट ओढण्याऐवजी हवा ओढली जाते. म्हणजे रोज थोडं कुलंट बाटलीत जातं आणि परत येत नाही. बाटली भरलेली, रेडिएटर वरून रिकामा, आणि मालक रोज सकाळी बाटलीकडे बघून समाधानी. चांगल्या गाडीत बाटलीची लेव्हल गरम-थंड होताना वरखाली व्हायला हवी. तुमची कायम एकाच रेषेला असेल तर मला तेच संशयास्पद वाटतं.

सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीची कॅप उघडा. कुलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. बोटभर खाली असेल तर काहीतरी गडबड आहे. कॅपचं रबर बघा, चीर, कडकपणा, कडेला पांढरा क्षार. मधली छोटी चकती नखाने ओढून बघा, उघडून परत टपकन बसली पाहिजे. गाडी थंड झाल्यावर वरचा जाड होजपाईप चपटा झालेला दिसला तर तो छोटा वॉल्व्ह उघडतच नाही किंवा नळी चोक आहे.

कॅपचं काम फक्त झाकायचं नाही. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढं प्रेशर ती धरून ठेवते, कुकरच्या शिट्टीसारखं. साधं पाणी १०० ला उकळतं, पण कॅपने एक बारच्या आसपास प्रेशर धरलं की तेच १२० च्या आसपास जातं, कुलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. कॅप ढिली पडली की हा सगळा फायदा गेला, मग १०२-१०५ ला, जे ट्रॅफिकमध्ये अगदी नॉर्मल तापमान आहे, तिथेही आत फसफसायला सुरुवात होते. जुन्या गाडीत मी कॅप आधीच बदलून टाकतो, एवढीशी वस्तू, तिच्यावर चर्चा करण्यात वेळ घालवायचा नाही. फक्त आकडा तोच घ्या, "जास्त प्रेशरची बसवतो, गार राहील" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, जुने होज आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या फाटतात.

ज्यांच्या गाडीत रेडिएटरवर कॅपच नाही, बाटलीवरच जाड आटे असलेली कॅप आहे, त्यांच्यात ती बाटलीच प्रेशरमध्ये असते. त्यांना वरचा बाटलीचा मुद्दा लागू नाही, कॅपचा मात्र लागू.

गरम गाडीची कॅप उघडू नका हे सगळ्यांना माहीत असतं तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी चेहरा भाजून घेतो. फडकं धरून उघडलं म्हणजे सुरक्षित, असं काही नसतं. प्रेशर सुटताक्षणी आतलं सगळं एकदम उकळून वर येतं. वरचा होज हाताने सहज दाबता येईपर्यंत थांबायचं, पाऊण तास लागला तरी.

तुमच्या केसमध्ये सीएनजी किट हा आणखी एक कोपरा आहे जिथे कोणी बघत नाही. सीएनजीचा रिड्यूसर गॅसचं प्रेशर कमी करताना गार पडतो, तो गोठू नये म्हणून इंजिनचं गरम कुलंट त्याच्यातून फिरवलेलं असतं, त्यासाठी हीटरच्या पाइपात दोन टी-जॉइंट टाकतात. बाहेरून किट बसवताना तिथे साधे क्लिप लावलेले असतात, काही वर्षांनी तिथून बारीक झिरपतं. थेंब जमिनीवर पडत नाही, गरम इंजिनवर पडून उडून जातो, फक्त पांढरट किंवा गुलाबी-हिरवट डाग राहतो. ते सगळे जोड बोट फिरवून बघा. शिवाय कुलंट बदलताना हा वरचा फाटा धरून सगळी हवा काढली नसेल तर तिथे हवा धरून बसते. तुमचं कुलंट नुकतंच बदललंय म्हणून मला याचीही शंका आहे. गाडीचं तोंड चढावर करा, हीटर फुल गरमवर ठेवा, कॅप काढून थंड गाडी चालू करा, होज दाबत राहा, बुडबुडे येतील, लेव्हल खाली जाईल, भरत राहा. ब्लीडचा स्क्रू दिलेला असेल तर तो सोडून धार सलग येईपर्यंत थांबा. कुलंट उतू जायला लागलं किंवा पंखा लागायची वेळ आली की कॅप लावून टाका.

वॉल्व्हचं बोलू. "वॉल काढून टाक, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला शोधून काढला पाहिजे. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो, इंजिन कायम एका तापमानाला ठेवण्यासाठी असतो. तो नसला की हायवेला इंजिन गारच राहतं, ईसीएमला वाटतं गाडी अजून वॉर्मअप होतीये, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतो, ऑइलमध्ये पाण्याची वाफ राहते. आणि काही इंजिनांत तर वॉल्व्ह उघडल्यावर त्याचाच मागचा भाग बायपासचा रस्ता बंद करतो, तोच काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत गोल फिरत बसतं आणि गाडी उलट जास्त तापते. तुमचा जुना वॉल्व्ह असेल तर घरी टेस्ट करा, पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास हलायला लागतो आणि पाणी उकळेपर्यंत चांगला सेंटिमीटरभर उघडतो. बाहेर काढला की बंद. झाला नाही किंवा अर्धवट उघडला तर कंपनीचा नवीन घ्या. जाताना एक बघा, बऱ्याच वॉल्व्हवर छोटी टिकली असते हवा सुटायला, ती वरच्या बाजूला आली पाहिजे.

फॅन डायरेक्ट करणं हा दुसरा भाऊ. चावी फिरवली की पंखा चालू, गाडी गार, गिऱ्हाईक खूश, पाचशे रुपयात काम. रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं करा, मीही करून देतो. पण तसंच वर्ष काढलं तर मोटर लवकर मरते, आणि ती मेली तर मेली, पण सेन्सर किंवा रिलेचा मूळ दोष तसाच असतो. काही ठिकाणी रिले न लावता बारीक वायरीने स्विचवरून जोडतात, त्या वायरी तापतात, तिथून आग लागू शकते, हे नाही चालणार.

कुलंटबद्दल थोडं. रंग बघून घेऊ नका, हिरवा काय गुलाबी काय, रंग कंपनी टाकते, आतलं केमिकल वेगळं असतं, मॅन्युअलमध्ये दिलेलंच घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका, गाळ होतो. रेडी-मिक्स असेल तर तसंच ओता, कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं बॅटरीवालं पाणी. निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओतणारे आहेत, त्यांना वाटतं भारी पडेल. उलट होतं, पाण्यापेक्षा ते उष्णता कमी वाहून नेतं. बोअरचं पाणी तर अजिबात नको, आपल्याकडच्या बोअरचा क्षार किटलीत दिसतो तसाच ब्लॉकमध्येही बसतो. अडचणीत बिसलरी ओतली तर हरकत नाही, पण नंतर महिनाभर "बघू" करत तसंच चालवू नका. काढलेलं जुनं कुलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

रेडिएटर खरंच कधी बदलायचा? हायवेला, घाटात तापायला लागली, तापलेल्या रेडिएटरवर हात जवळ धरून फिरवला तर काही भाग गरम आणि काही गार लागला, किंवा प्लास्टिकच्या टाकीच्या जोडातून गळतंय, तेव्हा. पंपाचं म्हणाल तर त्याच्या खालच्या छोट्या भोकातून ओल दिसली किंवा पुली हाताने हलली तर गेला. तुमच्यात यातलं काही दिसत नाही.

आणि हेड. हेड खोलायचं म्हणणाऱ्याला आधी पुरावा मागा. मशिनवर फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं), गॅस्केट (हेडखालचं सील), बोल्ट, मजुरी सगळं धरून हा हजारातला नाही, दहा हजारांतला खेळ आहे, नुसत्या अंदाजावर खोलायची वस्तू नाही. पुरावा म्हणजे काय, तर थंड गाडी चालू करून एक-दोन मिनिटात, अजून काही तापायच्या आत, वरचा होज दगडासारखा कडक झाला. कॅप उघडी ठेवून चालू केली तर हवा काढून झाल्यावरही सतत बारीक बुडबुडे येतच राहिले. कुलंट कमी होतंय पण कुठे गळत नाही आणि सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर. ऑइल ताकासारखं. नुसतं ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट साय दिसली तर ते गॅस्केटच असं नाही, पावसाळ्यात दोनतीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तशी साय येतेच, त्यातून तुमचा वॉल्व्हही काढलेला. खात्री हवी तर ब्लॉक टेस्टर मागवा, निळं लिक्विड असतं, रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची, जळालेला गॅस कुलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. ज्या गॅरेजमध्ये हेडची कामं होतात तिथे हे असायलाच हवं. लाल दिवा तुमचा एकदाच लागला आणि तुम्ही लगेच बंद केली म्हणता, म्हणजे हेड वाचलं असण्याची शक्यता भरपूर. पण ही टेस्ट करून घ्याच.

तोपर्यंत रस्त्यात काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, खिडक्या खाली. मे महिन्यात घामाने भिजाल पण हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच आहे, तेवढी उष्णता तो काढतो. पुढच्या गाडीला चिकटून उभं राहू नका, तिचा गरम वारा तुमच्या जाळीत येतो. न्यूट्रलला टाकून हलकंसं पंधराशे आरपीएम दिलं तर पंप जोरात फिरतो, याचा फायदा पंखा चालू असेल तरच. उतरत नसेल तर बाजूला घेऊन बंद करा, बॉनेट उघडा, आणि इंजिनवर गार पाणी ओतू नका. लाँग वीकेंडला बोरघाटात बाटलीभर पाणी थेट ब्लॉकवर मारणारे दिसतात, ॲल्युमिनियमचं हेड वाकायला तेवढं पुरतं.

काम झालं की नाही हे गॅरेजमध्येच ठरवा. कागद, फट, कॅप, सीएनजीचे जोड, वॉल्व्ह परत, हवा काढलेली, एवढं झालं की दुपारच्या उन्हात गाडी उभी करा, स्कॅनर लावा. आधी एसी बंद ठेवून आयडलला सोडा, ९६-९८ ला पंखा लागून पाच-सहा अंश खाली आणून बंद होतो का बघा, असं तीनचार वेळा झालं पाहिजे. मग एसी फुल लावून अर्धा तास. यात पंखा सतत फिरेल, ते बरोबर आहे, आकडा शंभराच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. एसी बंद असतानाही पंखा लागला आणि दहा मिनिटं झाली तरी बंदच होत नसेल तर तो झगडतोय, काहीतरी राहिलंय. अशावेळी बिल देऊन गाडी बाहेर काढू नका, परत समोरची फट उघडायला लावा.